ड्रोनची बातमी आली की आधी तास मोजा

माझं ड्रोन बारा मिनिटं उडतं, आणि त्यातली मी दहाच वापरतो. हे आधीच सांगून टाकतो. कारण फवारणीला मोहोळात जा, मंगळवेढ्यात जा, नाहीतर दक्षिण सोलापुरात जा, बांधावर बसलेला एखादा अण्णा हमखास विचारतो, "मालक, हे तुमचं बॉर्डरवर पण चालतं का?" 2025 च्या मे महिन्यापासून तर हा प्रश्न रोजचाच झालाय. कामतीजवळ एका आबांनी बंडीच्या खिशातून पेपरचं कात्रण काढून माझ्या हातात दिलं. "चाळीस तास उडतंय म्हणं हे. तुमचं का सारखं खाली बसतंय?"

आबांना मी बांधावरच बसून हिशोब करून दाखवला, तोच इथं लिहितोय. लष्कराच्या टेहळणी ड्रोनची बातमी वाचताना काय तपासायचं, आकडा खरा की फुगवलेला हे कसं ओळखायचं, आणि रात्री गावावर दिवा दिसला तर काय करायचं. सामान थोडंच लागतं: कागद, पेन, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि सुताच्या कोनातली रिकामी पुठ्ठ्याची नळी. नळी कशाला ते पुढं येईल. सोलापुरात ती विकत घ्यायची गरज नाही, कुठल्याही यंत्रमाग कारखान्याच्या मागच्या दाराशी ढीग पडलेला असतो. मी विडी घरकुलात वाढलो, वडील मागावर होते. लहानपणी अशा नळ्यांच्या दुर्बिणी करूनच खेळलो.

आधी माझ्याच बॅटरीचा हिशोब

माझ्या ड्रोनला दोन बॅटऱ्या लागतात. प्रत्येकी 22.2 व्होल्ट आणि 16 अँपिअर-तास. गुणाकार केला की एकीत साधारण 355 वॉट-तास निघतात, दोन्हीत मिळून 710. औषधासकट चोवीस-पंचवीस किलोचं धूड पंख्यांवर तोलून धरायला साडेतीन किलोवॉटच्या आसपास ताकद लागते. 710 भागिले 3500, म्हणजे 0.2 तास. झाली बारा मिनिटं. शेवटची दोन मी सोडून देतो, कारण बॅटरी पार पिळली की फुगते, आणि फुगलेल्या बॅटरीचे पैसे कुणी परत देत नाही. ड्रोन घेताना मिळालेल्या माहितीपत्रकात मात्र बावीस मिनिटं छापलेली होती. ती रिकाम्या टाकीची, हे मला पहिल्या दिवशी हरभऱ्याच्या रानात, अर्ध्या पट्ट्यात ड्रोन खाली बसल्यावर कळलं. शेतकरी काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. ते जास्त लागलं.

तेव्हापासून कुठलाही आकडा बघितला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती वजन घेऊन?

आता हाच हिशोब लष्करी ड्रोनला लावू. एक किलो बॅटरीत 180 वॉट-तासांच्या आसपास ऊर्जा मावते. एक किलो पेट्रोलमध्ये बारा हजार. इंजिन त्यातली तीन चतुर्थांश उष्णतेत घालवतं असं धरलं तरी तीन हजार हातात राहतात, म्हणजे वजनाला वजन लावलं तर सोळा-सतरा पट. म्हणून दिवसभर आकाशात राहणाऱ्या मोठ्या ड्रोनच्या पोटात तेल असतं.

दुसरी गोष्ट पंखांची. माझ्या यंत्राला स्वतःचं सगळं वजन पंखे फिरवून उचलावं लागतं, डोक्यावर पोतं घेऊन उभं राहिल्यासारखं. सिद्धेश्वर तलावावर दुपारी घारी बघा. पंख न हलवता गोल गोल फिरत असतात. लांब, अरुंद पंख असले की वजन हवा उचलते, इंजिनानं नुसतं पुढं ढकलायचं. अमेरिकेचं प्रिडेटर घ्या. अंग 8.2 मीटर लांब, पण पंखांचा पसारा 14.8 मीटर, आपल्या एसटीच्या लांबीपेक्षा जास्त. भरलेलं वजन 1,020 किलो, एखाद्या छोट्या कारएवढं. टाकीत साधारण 380 लिटर तेल. उडायचं 24 तास, ताशी 135 किलोमीटरच्या आसपास. 380 भागिले 24 केलं की तासाला सोळा लिटरच्या आत खप येतो. माझ्या मामाचा ट्रॅक्टर नांगरताना तासाला पाच-सहा लिटर पितो. म्हणजे अडीच-तीन ट्रॅक्टरच्या तेलात एक टन वजन पंचवीस हजार फुटांपर्यंतच्या उंचीवर फिरत राहतं. हे आबांना पटलं. वॉट-तासांत त्यांना रस नव्हता, ट्रॅक्टरच्या तेलात होता.

इंजिनही काही भारी प्रकरण नाही. प्रिडेटर, इस्राएलचं हेरॉन, तुर्कस्तानचं बायरक्तार टीबी-2, तिन्हींत ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सची शंभर-सव्वाशे अश्वशक्तीच्या आतबाहेरची इंजिनं बसवली गेली. मुळात ही इंजिनं हौशी लोकांच्या छोट्या विमानांसाठीची.

आता बातमी हातात घ्या. तास, भरलेलं वजन आणि इंधन, हे तीन आकडे शोधा. इंधन एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असेल (प्रिडेटरचं 300 किलो, म्हणजे तीस टक्के) आणि पंख लांब असतील, तर 24 तासांचा दावा बसतो. चार पंख्यांच्या बॅटरीवाल्या यंत्राचा फोटो छापून खाली "सलग 20 तास" लिहिलेलं असेल तर ते कात्रण चिवड्याच्या पुडीला वापरा.

याला एक देखणा अपवाद आहे, झेफायर नावाचं सौरऊर्जेवरचं विमान. पंख 25 मीटर आणि वजन फक्त 75 किलोच्या आसपास, म्हणजे माझ्या मेहुण्यापेक्षाही कमी. दिवसा बॅटरी भरायची, रात्री तीच वापरायची. 2022 साली ते सलग 64 दिवस हवेत राहिलं आणि मग ॲरिझोनात पडलं. पण त्याला उचलता येतं ते काही किलोच. तास हवे असतील तर वजन सोडावं लागतं, हा व्यवहार तिथंही सुटत नाही.

हत्यारांच्या बाबतीत तर तो अगदी उघडा पडतो. प्रिडेटरचा मोठा भाऊ रीपर. पंख 20 मीटर, 900 अश्वशक्तीचं टर्बोप्रॉप इंजिन, नुसती टेहळणी असेल तर 27 तास. क्षेपणास्त्रं आणि बॉम्ब पूर्ण लादले की तेच 14 तासांच्या आसपास येतं. म्हणून "40 तास उडतं आणि इतकी क्षेपणास्त्रं नेतं" असं एकाच वाक्यात वाचलं की मध्ये काट मारा. दोन्ही खरं असतं, एकाच उड्डाणात नसतं.

हे आलं कुठून

आकड्यांमागची माणसं माहीत असली की आकडा लक्षात राहतो, म्हणून एवढं सांगतो. अब्राहम करीम 1937 साली बगदादमध्ये जन्मले, इस्राएलमध्ये विमान अभियंता झाले आणि 1970 च्या दशकात अमेरिकेला गेले. लॉस एंजलिसमध्ये स्वतःच्या घराच्या गॅरेजमध्ये त्यांनी अल्बट्रॉस नावाचं विमान बनवलं. त्यावरून सरकारी पैसा मिळाला आणि ॲम्बर तयार झालं. 1988 साली ते सलग 38 तासांहून जास्त उडालं. पण खरेदीदार मिळाला नाही, कंपनी बुडाली, विकली गेली आणि शेवटी जनरल ॲटॉमिक्स या अमेरिकी कंपनीच्या हातात आली. त्याच वंशातलं प्रिडेटर जुलै 1994 मध्ये पहिल्यांदा उडालं, आणि पुढच्याच वर्षी बोस्नियाच्या युद्धावर नजर ठेवायला गेलं.

तेव्हा त्याच्यावर फक्त कॅमेरा होता. 2000 साली अफगाणिस्तानावर ओसामा बिन लादेनला शोधायला ते फिरलं. तो दिसला तरी मारायला हातात काही नव्हतं, या चडफडीतून फेब्रुवारी 2001 मध्ये त्याच्यावरून हेलफायर क्षेपणास्त्र डागून बघितलं गेलं. त्याच ऑक्टोबरमध्ये ते युद्धात वापरलं. अमेरिकी हवाई दलानं 2018 च्या मार्चमध्ये प्रिडेटर निवृत्त केलं, आणि रीपरनं त्याची जागा घेतली. लोक "ड्रोन म्हणजे बॉम्ब टाकणारं" म्हणतात, पण बॉम्ब नंतर आला. आधी आलं ते एका जागी थांबून बघत राहणं.

उंची आणि क्षितिज

सोलापूरकरांना उंची म्हणजे काय ते चिमणीनं शिकवलंय. सिद्धेश्वर कारखान्याची ती नव्वद मीटरच्या आसपासची चिमणी विमानसेवेच्या आड येते म्हणून वर्षानुवर्षं वाद चालला आणि जून 2023 मध्ये ती पाडली. बाजू कुणाची बरोबर, त्यात मी पडत नाही. घरात दोन्ही बाजूंची माणसं आहेत.

गणित असं: मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, 3.57 नं गुणा, क्षितिज किती किलोमीटरवर ते कळतं. तुमची गच्ची नऊ मीटर उंच असेल तर साधारण अकरा किलोमीटर. त्या चिमणीच्या टोकावरून 34. पंचवीस हजार फूट, म्हणजे 7,600 मीटरवरून 311. सोलापूरच्या डोक्यावर थांबलेल्या यंत्राच्या क्षितिजात एकीकडं पुणं येतं, दुसरीकडं हैदराबाद. याचा अर्थ तिथल्या रिक्षाचा नंबर वाचता येतो असा नाही, मध्ये धूळ, ढग, दमट हवा सगळं येतं. पण सीमेच्या आपल्याच बाजूला राहून पलीकडं डोकावता येतं ते या गणितामुळं.

हेच क्षितिज रेडिओलाही लागू होतं. जमिनीवरचा अँटेना आणि ड्रोन यांच्यामध्ये पृथ्वीची गोलाई आली की थेट संपर्क तुटतो. पुढं जायचं तर उपग्रह हवा. म्हणून बातमीत "पल्ला 250 किलोमीटर" असं वाचलं तर तो बहुतेक वेळा रेडिओचा पल्ला असतो, तेलाचा नाही. या दोन गोष्टींची गल्लत मी मोठ्या मोठ्या पेपरांत बघितलीय.

उपग्रह 36 हजार किलोमीटरवर. संदेश वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, चित्र परत यायला आणखी पाव, वर यंत्रांची आपली दिरंगाई. एकूण उशीर सेकंदाच्याही पुढं जातो. मला विजेच्या तारेजवळ अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तर मी ड्रोन घालवून बसतो. एकदा बसलोय, पाकणीच्या उसात. म्हणूनच अमेरिकेनं अशी सोय केली की उड्डाण आणि उतरणं धावपट्टीजवळची तुकडी थेट रेडिओवर करते, आणि विमान वर स्थिर झालं की ताबा नेवाडातल्या क्रीच तळावर बसलेल्या माणसांकडं जातो. एक पायलट, दुसरा कॅमेऱ्यावर. "मानवरहित" हा शब्द बातमीत आला की मला हसू येतं. माणूस फक्त विमानात नसतो.

आता नळी काढा

हा प्रयोग मी भाच्याला घेऊन जानेवारी 2025 मध्ये, सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत केला. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर मित्राचं घर आहे, त्याच्या गच्चीवर चढलो. नळी साधारण सतरा सेंटीमीटर लांब, भोक तीन सेंटीमीटर. डोळ्याला लावली की दहा अंशांचा तुकडा दिसतो. भाचा आठवीत. त्याला सांगितलं, एक डोळा मिटायचा, दुसरा नळीला, अजिबात काढायचा नाही. नंदीध्वज किती गेले ते मोजायचे, आणि लाल टोपीचा तो फुगेवाला आहे ना, त्याच्यावरही लक्ष ठेवायचं.

पहिली पाच मिनिटं मजा आली. मग फुगेवाला गर्दीत वळला, भाच्यानं नळी त्याच्यामागं फिरवली, तेवढ्यात पांढऱ्या बाराबंदीतल्या मानकऱ्यांनी तोललेला एक उंच नंदीध्वज डावीकडून निघून गेला. परत आला तर फुगेवाला गायब. पंचवीस मिनिटांनी डोळ्यातून पाणी. "किती गेले?" विचारलं तर म्हणाला, "पाच." जाणारे सात होते. सोलापुरातल्या शेंबड्या पोरालाही सात माहीत असतात, भाच्यालाही माहीत होते. तरी त्यानं प्रामाणिकपणे पाच सांगितले, कारण नळीतून तेवढेच दिसले.

टेहळणी ड्रोनचा कॅमेरा झूम केला की याहून कितीतरी अरुंद बघतो. एक गाडी, एक अंगण, एक माणूस. आजूबाजूचं सुटतं. म्हणून "ड्रोननं सगळा भाग पिंजून काढला" असं वाचलं तर विचारा: किती तास, किती कॅमेरे, आणि बघणारी माणसं किती पाळ्यांत? ढगाआडून बघायला रडार असतं, पण त्यात चेहरा दिसत नाही.

पाळ्यांचा हिशोब विमानांनाही लागतो. एक वर, एक परतीच्या वाटेवर, एक निघायच्या तयारीत, एक दुरुस्तीला. अमेरिकी हवाई दल एका जागेवर अखंड नजर ठेवायला चार विमानांचा संच धरतं. आता भारताची बातमी घ्या. ऑक्टोबर 2024 मध्ये आपण रीपरच्याच घराण्यातल्या एमक्यू-9बी जातीच्या 31 ड्रोनचा करार केला: नौदलाला 15, लष्कराला 8, हवाई दलाला 8. पंख 24 मीटर, दावा 40 तासांचा. आबांच्या कात्रणात हेच होतं. चारनं भागा: सात अखंड डोळे, आणि तीन विमानं हाताशी. हा माझा बांधावरचा हिशोब आहे, संरक्षण खात्याचा नव्हे. पण "31" हा आकडा वाचून जे चित्र डोळ्यासमोर येतं, ते "सात" म्हटल्यावर जमिनीवर येतं. हिंदी महासागर केवढा आहे, नकाशा उघडून बघा.

पडतात कशी, हे वाचायला शिका

ही विमानं सावकाश उडतात आणि चपळ नसतात. जून 2019 मध्ये इराणनं होर्मुझजवळ अमेरिकेचं ग्लोबल हॉक पाडलं. पंख 35 मीटरच्या पुढं, साठ हजार फुटांपर्यंत जाणारं यंत्र, पण खालून क्षेपणास्त्र येताना त्याला करता येण्यासारखं फार काही नव्हतं. मार्च 2023 मध्ये काळ्या समुद्रावर रशियाचं लढाऊ विमान रीपरच्या मागच्या पंख्याला घासलं आणि ते समुद्रात उतरवावं लागलं. शत्रूकडं चांगलं हवाई संरक्षण नसेल तिथं ही यंत्रं राजा, असेल तिथं कडेकडेनं बघायचं.

काही नुसतीच बिघडतात. डिसेंबर 2017 मध्ये आपलं एक हेरॉन तांत्रिक बिघाडानं सिक्कीमच्या बाजूला सीमा ओलांडून पडलं, चीननं निषेध नोंदवला. सप्टेंबर 2024 मध्ये नौदलानं भाड्यानं घेतलेल्या दोन सी गार्डियनपैकी (एमक्यू-9बीचंच समुद्रासाठीचं रूप) एक चेन्नईजवळच्या समुद्रात उतरवावं लागलं. ऑगस्ट 2023 मध्ये डीआरडीओनं इथंच बनवलेलं तपस नावाचं टेहळणी ड्रोन कर्नाटकातल्या चित्रदुर्ग जिल्ह्यात शेतात पडलं. त्या शेतकऱ्याच्या जागी मी स्वतःला ठेवून बघितलं: सकाळी पाणी द्यायला जावं आणि रानात विमान.

तपसबद्दल दोन्ही टोकांचं लिहिलं जातं, म्हणून तास मोजण्याचा सराव त्याच्यावर करा. मागणी 30 हजार फुटांवर 24 तासांची होती. गाठलं ते 28 हजार फूट आणि 18 तास. वजन वाढत गेलं, आणि वजन वाढलं की काय होतं ते तुम्ही वर वाचलंय. "फेल" म्हणणारे 18 तास विसरतात, "तयार" म्हणणारे उरलेले सहा.

रात्री गावावर दिवा दिसला तर

हा भाग सगळ्यात जास्त उपयोगाचा. त्याच जानेवारीत मोहोळ तालुक्यातल्या एका गावात हरभऱ्याच्या फवारणीला मुक्कामी होतो. पारावर पंधरा-वीस पोरं काठ्या घेऊन जमलेली. "रोज सातला ड्रोन येतंय, नवाच्या पुढं पंढरपूरच्या बाजूला जातंय." कुणी म्हणे चोरांचं, कुणी म्हणे मिलिटरीचं. पश्चिमेला खरोखर एक झगझगीत पांढरा दिवा होता.

मी आधी आवाज ऐका म्हणालो. छोटं ड्रोन दोनशे मीटरच्या आत असेल तर शांत रात्री त्याची मधमाश्यांसारखी घरघर येतेच. काही नव्हती. मग दिवा लुकलुकतो का, लाल-हिरवा आहे का ते बघा. प्रवासी विमानाला डावीकडं लाल, उजवीकडं हिरवा आणि शिवाय लुकलुकणारे दिवे असतात. सोलापूरवरून मुंबई-हैदराबादची विमानं जातच असतात. हाही नव्हता. मग घड्याळ लावलं. लिंबाच्या फांदीच्या टोकाला दिवा धरला आणि जागेवरून न हलता बसलो. छोटं बॅटरीवालं ड्रोन अर्ध्या-पाऊण तासाच्या पुढं टिकत नाही. लष्कराचं मोठं यंत्र पाच-सात किलोमीटर वर असतं, कामावर असताना ते दिवा लावून गावाला दर्शन देत नाही. पाऊण तास झाला, तास झाला. दिवा फांदीवरून खाली सरकला, शेजारच्या चांदण्यांबरोबरच सरकला. सव्वानवाच्या सुमारास उसाच्या शेंड्याआड गेला.

शुक्र होता. त्या महिन्यात तो संध्याकाळी पश्चिमेला तीन तास झळकत होता.

पोरांना फार पटलं नाही. एक जण म्हणाला, "दादा, तुमचं ड्रोन काढा की, वर जाऊन बघून येऊ." ते मात्र कधी करू नका. रात्री, लोकांच्या डोक्यावर, परवानगीशिवाय उडवलं तर गुन्हा तुमच्यावर, आणि अंधारात गावातल्या दुसऱ्या कुणाला तुमच्याच ड्रोनचा दिवा चोरांचा वाटणार. दगड मारू नका, छऱ्याची बंदूक काढू नका. वेळ, दिशा आणि किती मिनिटं दिसला एवढं लिहून 112 ला फोन करा. मी बॅटऱ्यांची पेटी उशाशी घेऊन देवळाच्या ओवरीत झोपलो. दुसऱ्या दिवशी सातला पोरं परत पारावर होती, फक्त या वेळी एकानं घड्याळ हातात धरलं होतं.